ड्रिफ्टिंगसाठी रिमोटची गाडी: इलेक्ट्रिक घ्यावी की नायट्रो?

चिंचवडचा नवशिक्या

नमस्कार. मी मेकॅनिकलच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रशिक्षणाच्या विद्यावेतनातून साठवलेल्या पैशांत १/१० मापाची, ड्रिफ्ट (म्हणजे मागची चाके घसरवत, आडवी सरकत वळणे घेणे) करता येईल अशी रिमोटची गाडी घेण्याचे ठरवले आहे. माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. एका मित्राच्या मोठ्या भावाकडे ३ सी.सी. इंजिनाची, चारही चाकांना ताकद जाणारी नायट्रो, म्हणजे मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन यांच्या इंधनावर चालणारी, टूरिंग गाडी आहे. दोरी ओढून सुरू करण्याची सोय, ग्लो प्लग (सिलिंडरमधले इंधन पेटवणारी तार) तापवण्याची कांडी आणि अर्धी बाटली इंधन यांसह तो ती निम्म्या किमतीत द्यायला तयार आहे. दुसरा पर्याय म्हणजे मागच्या चाकांवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक ड्रिफ्ट गाडीचा नवा संच घेऊन तो स्वतः जुळवणे.

मन नायट्रोकडे ओढते, हे मी मोकळेपणाने सांगतो. मी दिवसभर इंजिनांचे सुटे भाग हाताळतो आणि एवढ्याशा सिलिंडरमधून खरा धूर व खरा आवाज निघताना पाहिला की मला फार आनंद होतो. पण गाडी घेण्याचा हेतू ड्रिफ्ट शिकण्याचा आहे, नुसती पळवण्याचा नाही. चालवायला जागा दोन आहेत: आमच्या सोसायटीच्या इमारतीखालचे, गुळगुळीत ट्रिमिक्स काँक्रीटचे वाहनतळ, आणि एका ओळखीच्या कारखान्याचे आवार, जिथे सुट्टीच्या दिवशी मालकांनी परवानगी दिली आहे. ज्यांनी दोन्ही प्रकार प्रत्यक्ष वापरले आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

सरकती चाके

मी ठाण्यात राहतो. दोन्ही प्रकारच्या गाड्या मी अनेक वर्षे चालवल्या आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

ड्रिफ्टमध्ये गाडी वळवण्याचे काम स्टिअरिंगइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, थ्रॉटलचे बोट करते, हे आधी लक्षात घ्या. मागची चाके जमिनीवरची पकड सोडून फिरत असतात. बोट किंचित दाबले की शेपूट आणखी बाहेर जाते, किंचित सोडले की चाकांना पुन्हा पकड मिळते आणि गाडी सरळ होऊ लागते. एका वळणात हे बोट दहा-पंधरा वेळा केसभर पुढेमागे होते. म्हणून मी कोणत्याही गाडीबाबत पहिला प्रश्न हा विचारतो की बोटाची ही केसभर हालचाल चाकापर्यंत किती लवकर आणि किती प्रामाणिकपणे पोहोचते.

इलेक्ट्रिक गाडीत हा मार्ग फार छोटा आहे. बोटाचा संदेश रिसीव्हरकडून ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणाला) जातो आणि ईएससी मोटरला लगेच तेवढी ताकद देते. मोटर सेन्सरवाली असेल तर अगदी मंद गतीतही ती अडखळत नाही, कारण रोटर नेमक्या कोणत्या स्थितीत आहे हे ईएससीला सतत कळत असते. बिनसेन्सरची मोटर सुटताना अडखळते आणि ड्रिफ्टच्या ऐन नाजूक क्षणी तो झटका जाणवतो. त्यामुळे थोडे पैसे जास्त गेले तरी १०.५ किंवा १३.५ टर्नची (तारेच्या वेढ्यांची) सेन्सरवाली मोटरच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

नायट्रोत बोट प्रथम एका सर्व्होला (रिमोटच्या संदेशानुसार वळणाऱ्या छोट्या मोटरला) हलवते, सर्व्हो कार्ब्युरेटरची नळी उघडतो, इंजिन फेरे वाढवते, फेरे वाढले की केंद्रोत्सारी क्लचचे बूट बाहेर फेकले जाऊन क्लच बेलला धरतात आणि मग कुठे ताकद चाकांकडे निघते. सरळ रस्त्यावर हा उशीर जाणवतही नाही. पण बोट दर सेकंदाला खालीवर होत असेल तेव्हा क्लच कधी धरतो, कधी सोडतो, आणि चालकाला हव्या असलेल्या क्षणी नेमके काय होईल याचा अंदाज येत नाही. गाडीत दोन गिअर असतील तर अडचण वाढते, कारण वळणाच्या मध्यावर दुसरा गिअर पडला की चाकांची गती एकदम बदलते आणि साधलेला तोल जातो. नायट्रोवर ड्रिफ्ट करणारे म्हणूनच दुसरा गिअर पडूच नये अशी मांडणी करून ठेवतात.

यापेक्षाही मोठी अडचण उष्णतेची आहे. नायट्रोचे इंजिन डोक्यावरच्या पात्यांवरून वाहणाऱ्या हवेने थंड होते. ड्रिफ्टमध्ये चाके जोरात फिरतात पण गाडी मात्र हळू सरकते, म्हणजे इंजिनाचे फेरे जास्त आणि वाहती हवा कमी. वरून बॉडीचे झाकण. बॉडीच्या पुढच्या काचेत आणि टपात भोके पाडली तरी उन्हाळ्यातल्या दुपारी तापमान चढतेच. उलट, वळणाआधी बोट सोडून गाडी मंद केली की आत जास्तीचे इंधन साठते आणि पुन्हा दाबल्यावर इंजिन गुदमरल्यासारखे होऊन उशिरा उचलते. शर्यतीच्या गाडीसाठी घडवलेले हे इंजिन ड्रिफ्टमध्ये त्याच्या स्वभावाविरुद्ध वापरले जाते.

वजनाचेही पाहा. ७५ सी.सी.ची टाकी भरलेली असताना इंधनाचे वजन साधारण ६५ ग्रॅम असते. ते सात-आठ मिनिटांत संपते आणि गाडीचा तोल तेवढा बदलतो. बॅटरीचे वजन पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत तेवढेच राहते, आणि ती पुढे-मागे सरकवून तोल हवा तसा ठरवता येतो. ४००० एम.ए.एच.च्या दोन सेलच्या बॅटरीवर ड्रिफ्ट गाडी अर्धा तास सहज चालते. शिकणाऱ्या माणसाला सलग अर्धा तास एकच वर्तुळ घोटता येणे हा मला सर्वांत मोठा लाभ वाटतो.

आता तुमच्या जागेविषयी. इमारतीखालच्या वाहनतळात नायट्रो चालवू नका. धुरात न जळलेले तेल आणि डोळ्यांना झोंबणारे वायू असतात, छताखाली ते कोंडतात, आणि तेलाचा थर फरशीवर बसून दुचाकीवाले घसरतील. आवाजाची तक्रार तर पहिल्या पंधरा मिनिटांत येईल. तेच ट्रिमिक्स इलेक्ट्रिक ड्रिफ्ट गाडीसाठी मात्र उत्तम आहे. पेव्हर ब्लॉकच्या अंगणात कोणतीच ड्रिफ्ट गाडी नीट चालत नाही, कारण कठीण टायर सांध्यांत अडकून उडतो. जुन्या वाड्यांतला किंवा शाळांच्या व्हरांड्यांतला गुळगुळीत कोबा ज्यांना मिळतो ते भाग्यवान.

उद्यमनगर

सरकती चाके यांनी लिहिलेले सारे खरे आहे. तरीही नायट्रोच्या बाजूने कोणीतरी बोलले पाहिजे. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढले आहे. माझ्याकडे २.५ आणि ३ सी.सी.ची दोन इंजिने अजून चालू स्थितीत आहेत.

या इंजिनात पिस्टन अॅल्युमिनियमचा, बाही (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) पितळेची आणि तिच्या आतून क्रोमचा थर असतो. बाही वरच्या टोकाला किंचित निमुळती घासलेली असते, म्हणून थंड इंजिन हाताने फिरवले की पिस्टन वर येताना घट्ट अडकतो. नव्या माणसाला वाटते की इंजिन जाम झाले. तसे नसते, तापल्यावर पितळ अॅल्युमिनियमला साजेल इतके फुगते आणि नेमकी फट तयार होते. पिस्टन-रिंग नसलेले, एका मिनिटात ३०,००० च्या आसपास फेरे घेणारे यंत्र या एका निमुळतेपणावर उभे आहे. थंडीच्या दिवसांत मी केस वाळवण्याच्या यंत्राने इंजिनाचे डोके आधी गरम करून घेतो, म्हणजे सुरू करताना कनेक्टिंग रॉडवर ताण येत नाही.

नवशिक्याला एक गोष्ट सांगतो. जुनी गाडी घेणार असाल तर इंजिन थंड असताना फ्लायव्हील हाताने फिरवून पाहा. वरच्या टोकाला घट्टपणा अजिबात जाणवत नसेल तर बाही-पिस्टनचे आयुष्य संपले आहे आणि निम्मी किंमतही जास्त आहे. मागच्या बेअरिंगला गंज आहे का, तेही पाहा. मिथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते. चालवून झाल्यावर टाकी रिकामी करून, उरलेले इंधन जाळून, आत तेलाचे थेंब सोडले नाहीत तर पावसाळ्यात बेअरिंग गंजतेच. उघडी राहिलेली अर्धी बाटली तर वापरूच नका. ओलावा शिरलेल्या इंधनावर इंजिन कधी एकसारखे चालत नाही, आणि माणूस उगीच कार्ब्युरेटरच्या, इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या सुया फिरवत बसतो.

सुयांचे शास्त्र शिकायला मला दोन वर्षे लागली. जोराच्या फेऱ्यांची सुई वेगळी, मंद फेऱ्यांची वेगळी. इंधन कमी पडले, म्हणजे मिश्रण लीन झाले, की गाडी सुरुवातीला झकास पळते, तापमान चढत जाते आणि इंजिन कायमचे बाद होते. इंधन जास्त, म्हणजे रिच असेल तर धूर दाट, चाल जड, पण इंजिन सुरक्षित. म्हणून शिकताना रिचच्या बाजूला राहावे. मागे निळसर पांढऱ्या धुराची बारीक रेघ सतत दिसली पाहिजे आणि डोक्याचे तापमान साधारण १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या आत राहिले पाहिजे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. घाट उतरून रत्नागिरीला गेलो की हवा दाट मिळते आणि इथे जुळवलेली सुई तिथे लीन पडते, थोडी उघडावी लागते. मात्र तिथली दमट, तापलेली दुपार असेल तर तीच हवा पुन्हा विरळ होते. त्याच कारणाने सकाळी लावलेली सुई दुपारी तशीच ठेवून चालत नाही. हे सगळे ज्याला त्रासाचे वाटते त्याने नायट्रो घेऊ नये. ज्याला यातच गोडी वाटते त्याला बॅटरीची गाडी कितीही चांगली असली तरी काहीतरी उणे वाटत राहील.

ड्रिफ्टपुरते मात्र माझेही मत वेगळे नाही. मी नायट्रोवर ड्रिफ्ट केला आहे. मोकळ्या डांबरी आवारात लांबलचक, वेगवान वळणे घेताना जो धूर आणि आवाज येतो त्याला तोड नाही. पण आठ-दहा फुटांच्या वर्तुळात गाडी तोलून धरणे मला नायट्रोवर कधीच जमले नाही. माझा पुतण्या तेच इलेक्ट्रिकवर तीन आठवड्यांत शिकला.

डोंबिवलीची आई

माझा मुलगा १२ वर्षांचा आहे आणि त्यालाही अशीच गाडी हवी आहे, म्हणून हा धागा काळजीपूर्वक वाचते आहे. नायट्रोचे इंधन म्हणजे मिथेनॉल, हे वाचून मी दचकले. मुंबईतल्या मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती याच मिथेनॉलमुळे. दुसरीकडे लिथियमच्या बॅटऱ्यांना आग लागल्याच्या बातम्याही येतात. घरात यांपैकी काय ठेवणे कमी धोक्याचे आहे, हे कोणी नीट सांगेल का?

उद्यमनगर

ताई, तुमची भीती योग्य आहे. नायट्रोचे इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचे तेल यांचे मिश्रण. गाड्यांच्या इंधनात नायट्रोमिथेन बहुधा १६ ते २५ टक्के असते आणि उरलेल्यात मोठा वाटा मिथेनॉलचाच. थोड्या प्रमाणात पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते, त्वचेतूनही ते शरीरात शिरते, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे पेट घेतला आहे हे कळायलाच उशीर होतो. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते काढून ठेवणे हा अक्षम्य प्रमाद आहे. माझे इंधन मूळ डब्यात, कुलपात, घराबाहेरच्या शेडमध्ये असते आणि ते भरताना मी हातमोजे घालतो. १२ वर्षांच्या मुलाच्या हाती नायट्रो देऊ नये, असे मी नायट्रोप्रेमी असूनही सांगतो.

सरकती चाके

बॅटरीबद्दल मी लिहितो. दोन सेलच्या लायपोचा (लिथियम-पॉलिमर बॅटरीचा) नाममात्र दाब ७.४ व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावरचा ८.४ व्होल्ट असतो. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही. ईएससीमधील कट-ऑफ ३.२ च्या आसपास ठेवला की दुसऱ्या टोकाची काळजी मिटते. चार्जर बॅलन्स करणारा, म्हणजे दोन्ही सेल वेगवेगळे मोजणारा असावा. ४००० एम.ए.एच.च्या बॅटरीला ४ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह देऊ नये. चार्जिंग चालू असताना मोठे माणूस खोलीत हजर असावे, रात्री झोपताना चार्जिंग लावू नये. मी मातीच्या रुंद कुंडीत तळाला वाळू घालून त्यात बॅटरी ठेवून चार्ज करतो. त्या खोलीत पडदा किंवा गादी जवळ नसते. आठवडाभर चालवायची नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा. पूर्ण भरून कपाटात ठेवलेली बॅटरी लवकर खराब होते. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी.

१२ वर्षांच्या मुलासाठी मी पहिल्या वर्षी निकेल-मेटल हायड्राइडची ७.२ व्होल्टची बॅटरी सुचवेन. ती जड असते, ताकदही थोडी कमी देते, पण चूक झाली तर लायपोइतकी भडकत नाही. टामिया टीटी-०२डी सारखी चारही चाकांवर चालणारी, साध्या ब्रश मोटरची गाडी तिच्यावर छान चालते. तिला जायरोही (गाडीची गिरकी ओळखून पुढची चाके आपोआप वळवणारे उपकरण) लागत नाही.

आणखी एक, कारण गावी जाताना हा प्रश्न येतो: विमानाने जायचे झाल्यास सुटी लायपो हातातल्या सामानातच न्यावी लागते, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. ७.४ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर-तास म्हणजे २९.६ वॉट-तास होतात, आणि मर्यादा १०० वॉट-तासांची आहे, त्यामुळे अडचण येत नाही. टोके मात्र चिकटपट्टीने झाकावीत. नायट्रोचे इंधन विमानात कोणत्याही सामानात नेता येत नाही.

नागोयाचा रहिवासी

नोकरीनिमित्त मी जपानमध्ये आहे. इथे खेळण्यांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर ड्रिफ्टसाठी बंदिस्त मार्ग आखलेले असतात, त्यावरून काही गोष्टी सांगतो.

रिमोटच्या गाड्यांचा ड्रिफ्ट इथे रुजला तेव्हा तो चारही चाकांच्या टूरिंग गाड्यांवर होता. रबरी टायर काढून त्या जागी कठीण प्लास्टिकची कडी बसवत. पुढे मागच्या चाकांना पुढच्यांहून जास्त वेगाने फिरवण्याची युक्ती निघाली, त्यामुळे चाके वळणाच्या उलट दिशेला वळवून धरलेली खरी ड्रिफ्ट गाडी जशी दिसते तशी छोटी गाडी दिसू लागली. आता मार्गावर जवळजवळ सगळ्या गाड्या मागच्या चाकांवर चालणाऱ्याच दिसतात. योकोमोची वायडी-२ किंवा तैवानच्या एमएसटीची आरएमएक्स २.० ही नावे तुम्ही ऐकली असतील. हे शक्य झाले ते जायरोमुळे. जायरो गाडीच्या गिरकीचा वेग मोजतो आणि शेपूट बाहेर जाऊ लागताच पुढची चाके उलट दिशेला वळवतो. माणसाचा हात तेवढ्या चपळाईने ते करू शकत नाही. जायरो किती जोराने हस्तक्षेप करतो हे रिमोटच्या तिसऱ्या चॅनलवरून कमीजास्त करता येते. नवीन माणूस जायरो फार वाढवतो आणि गाडीची पुढची चाके सतत थरथरू लागतात. थरथर दिसली की थोडे कमी करावे.

नायट्रो गाडीवर जायरो बसवायचा प्रयत्न मी पाहिला आहे. इंजिनाच्या कंपनांमुळे त्याला खरी गिरकी आणि थरथर यांतला फरक नीट कळेना. फेसाच्या जाड पट्टीवर बसवून थोडे जमले, समाधानकारक नाही.

इथला सर्वांत देखणा प्रकार म्हणजे त्सुइसो, म्हणजे पाठलाग. पुढची गाडी रेषा आखते आणि मागची तिच्या दाराला जवळजवळ चिकटून त्याच कोनात सरकत जाते. दोन चालक शेजारी उभे राहून हळू आवाजात एकमेकांना सांगत असतात. तिथे टायरही ठरलेले असतात, मार्गाच्या फरशीप्रमाणे अमुकच कठीणपणाचा टायर वापरायचा असा नियम असतो, कारण पकड सारखी नसेल तर दोन गाड्या एकत्र सरकूच शकत नाहीत. भारतात चार मित्र एकत्र चालवणार असतील तर त्यांनीही सगळ्यांचे टायर एकाच प्रकारचे ठेवावेत, अशी माझी कळकळीची सूचना आहे. मोटरपेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

सरकती चाके

टायरवरून सांगतो. आयात केलेले टायर येईपर्यंत आम्ही ६३ मि.मी. बाहेरच्या व्यासाचा पी.व्ही.सी. पाइप आणून त्याचे २६ मि.मी. रुंदीचे तुकडे कापले, कडा पॉलिश पेपरने गोल केल्या आणि रिमवर चिकटपट्टीचे वेढे देऊन ते घट्ट बसवले. ट्रिमिक्सवर ते पकड फार कमी देतात, म्हणून शिकायला कठीण, पण वर्षभर झिजत नाहीत. चारही तुकडे एकाच पाइपचे असू द्यावेत.

नवशिक्या, खर्चाचा क्रमही सांगून ठेवतो, कारण संचाच्या किमतीत मोटर, ईएससी, सर्व्हो, जायरो, रिमोट, बॅटरी आणि चार्जर बहुधा धरलेले नसतात. चेसिस स्वस्तातला चालेल. चपळ सर्व्हो आणि त्याच्याशी जुळणारा जायरो यांत काटकसर करू नका, कारण सर्व्हो मंद असेल तर जायरोचा सल्ला चाकांपर्यंत उशिरा पोहोचतो आणि गाडी नागमोडी डोलते. चार्जर चांगला घ्या. तो पुढच्या तीन गाड्यांना पुरतो. मोटरचा वेग सुरुवातीला गिअरिंगने आवरा. स्परला (मोठ्या दातेरी चाकाला) ८४ दाते, पिनियनला (मोटरवरच्या छोट्या दातेरी चाकाला) २४ आणि चेसिसचे आतले प्रमाण २.६ असेल, तर ३.५ गुणिले २.६ म्हणजे ९.१ हे एकूण प्रमाण होते, आणि वाहनतळासारख्या छोट्या जागेत शिकायला ते मला योग्य वाटते.

चिंचवडचा नवशिक्या

सर्वांचे मनापासून आभार. उद्यमनगर काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी जुन्या नायट्रोचे फ्लायव्हील फिरवून पाहिले. वरच्या टोकाला काहीच घट्टपणा नव्हता, आणि मागच्या बेअरिंगजवळ तपकिरी गंज स्पष्ट दिसत होता. ती गाडी मी घेतली नाही. इलेक्ट्रिक संच मागवला आणि दोन रात्री जागून जुळवला. इंजिनाची ओढ गेलेली नाही. नोकरी लागल्यावर एक नायट्रो इंजिन घेऊन ते टेबलावर उघडून शिकायचे मी ठरवले आहे, आणि तेव्हा काकांना पुन्हा त्रास देईन.

आता अडचण सांगतो. वाहनतळात दोन बादल्या दहा फुटांवर ठेवून त्यांभोवती आठचा आकडा काढायचा प्रयत्न करतो आहे. पण साधे वर्तुळही जमत नाही. थ्रॉटल किंचित दाबले की गाडी भिंगरीसारखी जागच्या जागी गरगर फिरते. स्टिअरिंग सोडले तरी तेच. जायरो वाढवला तर उलट आणखी जोरात फिरते. पाइपचे टायर लावले आहेत, बॅटरी मागच्या बाजूला आहे. माझा हात वाईट आहे की जुळणी चुकली आहे?

नागोयाचा रहिवासी

जायरो वाढवल्यावर जास्त फिरते, यातच उत्तर आहे. जायरोची दिशा उलटी लागली आहे. तो शेपूट सावरण्याऐवजी तिला आणखी ढकलतो आहे. गाडी सुरू करून हातात उचला, चाके सरळ ठेवा आणि गाडीचे नाक झटकन डावीकडे फिरवा. पुढची चाके उजवीकडे वळली पाहिजेत, म्हणजे आधी जिकडे तोंड होते तिकडेच पाहत राहिली पाहिजेत. ती डावीकडे वळत असतील तर जायरोवरचा दिशा बदलण्याचा खटका किंवा सेटिंग उलटे करा. रिमोटमधले स्टिअरिंग रिव्हर्स बदलू नका, ते वेगळे आहे.

सरकती चाके

सहमत. ते झाल्यावर जायरो मध्यावर ठेवा, आणि ईएससीमधला बूस्ट व टर्बो (मोटरचा वेग आणखी वाढवणाऱ्या सोयी) दोन्ही शून्य करा. आठचा आकडा लगेच काढू नका. एकच बादली ठेवा, एकाच दिशेने फिरा, आणि तोंड बादलीकडे राहील इतकेच बोट धरून ठेवा.

चिंचवडचा नवशिक्या

दिशाच उलटी होती. आत्ताच खाली जाऊन आलो. एका बादलीभोवती डावीकडून सलग चार फेऱ्या झाल्या, पाचव्या फेरीला गाडी बादलीवर आपटली. उजवीकडून अजून एकही फेरी जमलेली नाही. बॅटरीचा प्रत्येक सेल ३.७ व्होल्टवर आला आहे, म्हणून आज थांबतो आणि वाळूच्या कुंडीत चार्जिंगला लावून तिच्याजवळ बसतो.